यिशुन मावळ्यांचा पाचवा मानकरी

बसा, चहा टाकलाय. घेणार ना? घ्यायचा असेल तर पहिल्याच विचारण्याला हो म्हणा बुवा, आमच्या घरी हल्ली दुसऱ्यांदा विचारत नाहीत. का विचारत नाहीत, तेच सांगायला तुम्हाला बसवलंय. धड सांगता येईल की नाही देव जाणे, कारण ते आठवलं की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. हा बघा, लागला.

माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात. मी तो धोंडा आधी नीट निवडला, उचलला, नेम धरला आणि भरल्या हॉलमध्ये, हातात माइक घेऊन, सख्ख्या वडिलांना पहिल्या रांगेत बसवून पाडून घेतला.

तर आमची बेसबॉलची टीम आहे. हसू नका. यिशुन मावळे नाव. रणदिवे म्हणून एक चीफ इंजिनियर आहेत, सगळा जन्म बोटीवर काढला आणि मग इथे बंदरावर नोकरी धरली. कॉलेजात असताना ते विद्यापीठाकडून बेसबॉल खेळलेले. सिंगापूरमधल्या मराठी माणसांची पोटं सुटलेली बघून त्यांनी फर्मान काढलं की क्रिकेट पुष्कळ झालं, आता पळा. रविवारी सकाळी यिशुनच्या मैदानावर आठ जण जमले. बेसबॉलला नऊ लागतात. नववा मी.

आमचा खेळ काय वर्णावा! चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. आमचे निम्मे लोक बॅट घेऊन पळायचे. देशमुख तर पहिल्या बेसला पोचला की वाकून बॅट टेकवायचा. समोरच्या जपानी ऑफिसच्या टीमला आधी वाटलं, हा काही धार्मिक विधी असावा. ते बिचारे आदराने उभे राहायचे.

मी राइट फील्डला. म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, लांब, जिथे चेंडू सहसा येत नाही. ज्याला कुठे ठेवायचं कळत नाही त्याला तिथे ठेवतात. पण एकदा चेंडू आला. उंच आला, थेट सूर्यातून. मला काही दिसेना, म्हणून मी ग्लोव्ह तोंडासमोर धरला, उन्हासाठी हो, आणि चेंडू त्यात येऊन बसला! मॅच जिंकलो आम्ही. उन्हाचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. टीममध्ये त्याला अजून 'तो कॅच' म्हणतात.

आता अण्णांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, मूळचे वाईचे. तरुणपणी कबड्डी खेळायचे, ढाल जिंकलेला फोटो अजून भिंतीवर आहे. त्यांचा मुलगा मी. शाळेत खेळाच्या तासाला सगळे माझ्याकडे घड्याळं आणि चपला ठेवायला द्यायचे. संध्याकाळी घरी आलो की अण्णा विचारायचे, "आज घेतलं का रे खेळायला?" मी नाही म्हणायचो. ते बरं म्हणून पेपर वाचायला लागायचे. रागावले असते तरी चाललं असतं. त्या 'बरं'चा मला फार त्रास व्हायचा. त्यात माझा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा, दर वर्षी कुठलातरी कप घेऊन यायचा.

म्हणून मग 'तो कॅच' मी फोनवर अण्णांना सांगितला. थोडा रंगवून. आधी मी पळत गेलो होतो, पुढच्या फोनला झेप घेतली होती, आणि दिवाळीपर्यंत मी टीमचा आधारस्तंभ झालो होतो. मग एक दिवस अण्णा सिंगापूरला राहायला आले.

नेमके त्याच सुमारास चीफ निवृत्त होऊन कायमचे पुण्याला निघाले. निरोपसमारंभ ठरला, आणि चीफनी हुकूम सोडला की त्या दिवशी मावळ्यांच्या आजवरच्या इतिहासातले सर्वश्रेष्ठ पाच खेळाडू जाहीर करायचे, क्रमाने. मानाचे पाच गणपती असतात तसे मानाचे पाच मावळे.

हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बैठक बसली. चीफनी सुरुवात केली, "पहिला मी. दुसरा?"

आम्ही बघतच राहिलो. पण खरंच होतं ते, टीम त्यांची, पिचर म्हणजे चेंडू टाकणारे ते, कोण काय बोलणार? दुसरा सामंत, कारण त्याने मारलेला चेंडू मैदानाबाहेरच्या कालव्यात जातो. तिसरी वैशाली. ती रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, पण मूळची खो-खोची. बेस चोरताना, म्हणजे चेंडू मारायच्या आधीच पुढच्या बेसकडे पळताना, अशी वाकून सुटते की समोरचा पिचर चेंडू हातात धरून नुसता गोल फिरतो. ती तिसरी का, दुसरी का नाही, यावर तीन कप चहा झाला. चौथा बापट, जो मेलबर्नला गेला आणि म्हणून जास्तच थोर वाटायला लागला. राहिला पाचवा.

चीफनी माझ्याकडे बघितलं. "मिलिंद, तुझं नाव घालू का? तो कॅच होता तुझा."

माझं काळीज असं उडालं म्हणता! आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "छे छे, माझं कसलं नाव!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? तुमच्याकडे कोणी पोहे घेणार का विचारलं तर तुम्ही काय म्हणता? मला हे अण्णांनीच शिकवलंय. लहानपणी कोणाकडे गेलो आणि लाडू पुढे आला की अण्णा नुसते बघायचे. त्या बघण्याचा अर्थ, दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. यजमानालाही हे ठाऊक असतं. तो तीनदा विचारतोच, लाडू काही कुठे जात नाही.

पण चीफ पडले बोटीवरचे. इंजिनरूममध्ये नको म्हणजे नको, हो म्हणजे हो, तिसऱ्यांदा विचारेपर्यंत बोट बुडायची. ते म्हणाले, "ओके. मग देशमुख किंवा कर्णिक. बघू."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मला कुठे चैन पडेना. ऑफिसला निघालो तर रॅफल्स प्लेसला उतरायचं विसरून टांजोंग पगारला पोचलो. घरी एका जागी बसवेना. अण्णा पेपर वाचत असायचे आणि मी हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये. शेवटी मुग्धा, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "अरे हवंय ना तुला? मग फोन कर आणि हवंय म्हण."

असं कसं म्हणता येईल? आपणहून? मी तिलाच गळ घातली, की रणदिवे वहिनींशी बोलता बोलता सहज विषय काढ, मिलिंदला पुन्हा एकदा विचारायला हवं असं नुसतं सुचव. तिने कपाळाला हात लावला, पण केला फोन. वहिनी तिकडून गहिवरून म्हणाल्या म्हणे, की चीफ घरी येऊन तेच सांगत होते, आजच्या काळात मिळणारा मान नाकारतो असा मुलगा बघायला मिळत नाही. आणि तासाभरात खुद्द चीफचा फोन! मी दोन रिंगांत उचलला. मनात ठरवलं होतं, आता नको म्हणायचंच नाही, काय विचारतील त्याला पहिल्या फटक्यात हो.

चीफ म्हणाले, "मिलिंद, या यादीत तुला एकट्यालाच काही नकोय. तेव्हा नावं जाहीर करायला तुझ्याइतका तटस्थ माणूस नाही. करशील?"

आणि मी पहिल्या फटक्यात हो म्हणालो.

म्हणजे बघा, जिथे नको म्हणायचं तिथे हो, आणि जिथे हो म्हणायचं तिथे नको.

पण थांबा, अजून आशा होती. पाचवी जागा रिकामीच होती ना! देशमुख आणि कर्णिक दोघांपैकी एक ठरायचा होता आणि ठरवायचं माझ्याकडे आलं. इथे मी जरा पाप केलं. देशमुखला एकट्याला गाठून कर्णिकचं कौतुक केलं, तर तो म्हणाला, "मग त्यालाच दे की, मला नको." कर्णिकपुढे देशमुखचं कौतुक केलं, तर तोही म्हणाला, मला नको. दोघंही चांगल्या घरचे. दोघांनीही दुसऱ्या विचारण्याची वाट बघितली असणार, मला काय कळत नाही? पण मी विचारलं नाही. चीफना सरळ कळवलं की दोघांनी माघार घेतली. चीफ म्हणाले ठीक आहे, पाचवं नाव मी तिथल्या तिथे, हॉलमध्येच सांगतो.

आता दुसरं कोण उरलं होतं हो? माझ्याशिवाय? फक्त एकच भीती होती, माझ्या तोंडाची. चीफनी नाव घेतलं की ते नको म्हणणार, याची मला खात्री होती. तेव्हा पुढच्या आग्रहाची सोय आधीच करून ठेवायची असं ठरवलं.

आमची लेक रेवा, इथल्याच शाळेतली. समारंभात पदकांचं तबक आणि दुसरा माइक तिच्याकडे होता. तिला म्हटलं, माझं नाव आलं की मी नको म्हणेन, मग तू म्हणायचं, बाबा प्लीज घ्या. मी परत नको म्हणेन, तू परत म्हणायचं. तिसऱ्यांदा मी घेईन.

ती म्हणाली, "बट यू वाँट इट, राइट?"

"हो."

"देन व्हाय यू से नो?"

म्हटलं, ही आपली पद्धत आहे. ती म्हणाली, शाळेत टीचरने शिकवलंय, नो मीन्स नो, लाह. हे 'लाह' इथले लोक वाक्याच्या शेवटी लावतातच. मी म्हटलं बबल टी, तो साबुदाण्याच्या गोळ्यांचा गार चहा, देईन. मग तिला पद्धत पटली. खरंतर या बाबतीत तिच्यावर विसंबायला नको होतं, कारण अण्णा आले त्याच आठवड्यात तिने त्यांना आंब्याची फोड पुढे केली, ते नको म्हणाले, आणि तिने ती त्यांच्यासमोर खाऊन टाकली होती. अण्णा बिचारे हात अर्धा पुढे करून तसेच बसले होते. त्यानंतर आमच्या घरात अण्णा पहिल्या विचारण्यालाच घ्यायला लागले. माणूस शिकतो.

समारंभाचा दिवस. यिशुनचा कम्युनिटी हॉल भरलेला. बटाटेवडे, श्रीखंड, भगवी जर्सी घातलेले मावळे, जपानी ऑफिसची टीमसुद्धा आलेली. पहिल्या रांगेत अण्णा, इस्त्रीचा सदरा घालून, आणि त्यांच्या शेजारी लिम अंकल. लिम अंकल यिशुनचेच, आमचे अंपायर, आणि आमच्यातला कोणी भारतात सुट्टीवर गेला की कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपरच. मराठी येत नाही, पण सगळ्या भाषणांना मान डोलावतात.

मी चार नावं वाचली. बोलताना सारखा एका पायावरून दुसऱ्यावर होत होतो, माइकची वायर पायाला गुंडाळली गेली. चीफ आले, पदक घेतलं. सामंत, वैशाली, बापटच्या वतीने त्याची मावशी. मग मी म्हटलं, "आणि पाचवं नाव चीफ सांगतील."

चीफ उठून आले. म्हणाले, "हा खेळाडू कधी पुढे पुढे करत नाही. लांब टोकाला उभा राहतो. एकदाच चेंडू आला आणि तो सोडला नाही. सूर्य डोळ्यात असताना तसा कॅच मी आयुष्यात बघितला नाही. मिलिंद!"

टाळ्या अशा पडल्या की काय सांगू. जपानी टीम उभी राहिली, त्यांना तो कॅच चांगलाच आठवत होता. आणि मी अण्णांकडे बघितलं. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्या लिम अंकलना कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवत होते. त्या एका बघण्यासाठी मी सबंध लहानपण लोकांच्या चपला सांभाळल्या होत्या. खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यात पाणी आलं.

आणि माझं तोंड म्हणालं, "अहो नको नको, माझं कसलं नाव! माझ्यापेक्षा लिम अंकल कितीतरी मोठे."

मी नाही हो म्हणालो, तोंड म्हणालं! नको म्हटलं की पाठोपाठ दुसऱ्याचं नाव घ्यायचं, तेही वळणच आहे ना आपलं. त्यात दुसऱ्याने 'छे छे, मी कुठला' म्हणायचं असतं. पण लिम अंकलना एवढ्या मराठीत फक्त 'लिम अंकल' कळलं. समोर टाळ्या चालू, शेजारचा माणूस कोपराने ढोसतोय. ते उठले.

चीफ म्हणाले, "ओके. गुड चॉइस."

लिम अंकल तरातरा स्टेजवर आले, रेवाच्या तबकातलं पदक स्वतःच उचलून गळ्यात घातलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "थँक यू, आह. सो लाँग आय वेट."

मी म्हटलं, "वेलकम, अंकल." दुसरं काय म्हणणार?

इथे संपलं असतं तरी निभावलं असतं. पण बबल टी कबूल केलेली ना. टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत, माइकवर, माझ्या लेकीचा खणखणीत आवाज आला, "बाबा, प्लीज घ्या." मी तिच्याकडे डोळे वटारले. ती म्हणाली, "दॅट्स वन. टू मोअर टाइम्स, राइट? देन यू टेक?"

हॉलमध्ये आधी कोणालाच काही कळलं नाही. मग मराठी बाजूला सगळ्यांना एकदमच कळलं. सामंत तर खुर्चीवरून घसरला. वैशालीने डोळे पुसत पुसत सगळा प्रकार जपानी टीमला इंग्रजीत समजावून सांगितला, आणि तेही हसायला लागले. मागून कर्णिक शांतपणे म्हणाला, "मिलिंद, मलापण तू एकदाच विचारलं होतंस रे." देशमुख वळून त्याच्याकडे बघायला लागला, आणि त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलंच नाही. मी माइकच्या वायरीतून पाय सोडवत होतो.

लिम अंकलना कोणीतरी काय झालं ते सांगितलं असावं. माणूस मोठा सरळ. जेवणाच्या रांगेत माझ्याकडे आले, पदक गळ्यातून काढलं आणि पुढे केलं. "मिलिन, यू वाँट, यू टेक, कॅन."

माझा हात पुढे गेला होता, शपथेवर सांगतो. पण तोंड म्हणालं, "नो नो, अंकल, प्लीज, यू कीप."

"ओके," असं म्हणून त्यांनी ते परत गळ्यात घातलं आणि श्रीखंड वाढून घेतलं. मुग्धाने हे सगळं बघितलं आणि ती रेवाला घेऊन बबल टी आणायला गेली.

परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, अण्णा आणि मी दोघंच. मी त्यांच्या शेजारी, गुडघा थडथडतोय. मनात म्हटलं, आता संपलंच सगळं. सबंध हॉलमध्ये शोभा झाली, वर त्यांच्यासमोर. यांनी आता 'बरं' म्हटलं की मी दार उघडेल त्या स्टेशनवर उतरून जाईन.

अण्णा म्हणाले, "मिलू, त्यांनी तुझं नाव घेतलं ना?"

"घेतलं."

"सगळ्यांसमोर, पहिल्या पाचात. आणि ते जपानी लोक उठून उभे राहिले तुझ्यासाठी. मी बघितलं. बाकी सोड. नाव घेतलं की नाही?"

आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. चष्मा वर करून, बोटाने एकेक नाव सरकवत, तात्यांचा नंबर शोधला. तात्या, ज्यांचा मुलगा दर वर्षी कप आणायचा ते. म्हणाले, "तात्याला आत्ताच सांगतो. वाईत सगळ्यांना कळू दे."

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून नंबर लावत होतं. मला इतकं भरून आलं की बोलवेना. तरी मी बोललोच. म्हणालो, "राहू द्या हो अण्णा, त्यात काय सांगायचं एवढं!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"बरं, तू म्हणतोस तर राहू दे," असं म्हणून त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

टॅम्पिनिस गेलं, पासिर रिस आलं. आमचं घर तिथेच, शेवटचं स्टेशन, गाडी रिकामी झाली, अण्णाही उतरले. मी आपला तसाच बसून होतो, ते दुसऱ्यांदा विचारतील म्हणून.